बिराजदार नोंद घेतात

आमच्या कारखान्यात चहा पिताना बिराजदार भिंतीला पाठ लावून उभे राहतात, मागून कुणी येऊ नये म्हणून. मागच्या माणसाला आपल्या मोबाइलचा पडदा दिसेल अशी त्यांना भीती. मोबाइल साधा, बटणांचा. त्यावर वेळ दिसते, बाकी काही नाही. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "वेळ तरी का दाखवायची?"

इराप्पा बिराजदार मूळचे वळसंगचे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथं ते माहिती सुरक्षा अधिकारी होते, आणि मी टॉवेलची डिझाइनं काढते. हे पद ऐकून माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, "माहितीला काय राखण लागते गं, ती काय शेळी हाय?" मलाही तेव्हा हसू आलं होतं.

झालं असं, की परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं चाळीस पानांची प्रश्नपत्रिका पाठवली. तुमच्याकडे माहिती सुरक्षेचं धोरण आहे का, अधिकारी आहे का, पासवर्ड किती दिवसांनी बदलता? आमच्या शेठनी सगळीकडे 'होय' लिहून पाठवलं आणि मग घाम पुसत अधिकारी शोधायला लागले. बिराजदार तेव्हा स्टोअरला होते. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक सुई हरवली नव्हती, एवढ्यावर त्यांना पुण्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. जाताना गरीब गृहस्थ गेला होता. परत आले ते प्रत्येकाच्या पिशवीकडे बघतच आले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या माहितीचे तीन वर्ग पाडले. सगळ्यांनी बघायची हिरवी, आपल्यात ठेवायची पिवळी, गोपनीय ती लाल. मग चिकटपट्ट्या घेऊन ऑफिसभर फिरले. फायली, कपाटं, कॉम्प्युटर, काही सोडलं नाही. चहावाल्याच्या वहीवर पिवळी लागली. कॅलेंडरवर लाल लागली, कारण माल कधी जाणार त्या तारखेला कुणीतरी गोल केला होता. तीन दिवस ऑफिसात एकादशी कधी आहे ते कुणाला कळेना.

कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावायची भोकं त्यांनी मेणानं बुजवली. पासवर्ड बारा अक्षरांचा, त्यात आकडा हवा, चिन्ह हवं, आणि पोराबाळांचं नाव नको. एवढं कुणाच्या लक्षात राहतंय? सगळ्यांनी चिठ्ठ्या करून कीबोर्डखाली ठेवल्या. सोमवारी सकाळी बिराजदार एकेक कीबोर्ड उलटा करत यायचे. मी चिडले की शांतपणे म्हणायचे, "मी संशय घेत न्हाय म्याडम, फक्त नोंद घेतो."

एकदा त्यांनी आमची परीक्षा घेतली. कुणाचा ते माहीत नसलेल्या पत्त्यावरून सगळ्यांना मेल आला, 'अभिनंदन! तुम्हाला तिरुपतीची मोफत यात्रा लागली आहे. इथं दाबा.' आता सोलापूरचा माणूस तिरुपती म्हटल्यावर दाबल्याशिवाय राहील का? अख्ख्या ऑफिसानं दाबलं. शेठनी दोनदा दाबलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा वहिनींसाठी. बिराजदारांनी यादी करून फळ्यावर लावली आणि शेठचं नाव दोनदा लिहिलं.

डिझाइनच्या खोलीत जायचं तर दाराशी वहीत कारण लिहायचं. माझी रोजची जागा ती, मी काय कारण लिहिणार? मी रोज 'बसणे' लिहायची. महिनाभरानं त्यांनी विचारलं, "म्याडम, बसून नेमकं काय करायलाव, ते कुटं लिवलं न्हाय." डब्यात शेंगाचटणी बांधून आणलेला कागदही त्यांनी उलगडून बघितला होता. घरच्या लाइट बिलाचा निघाला, तरी दोन्ही बाजू वाचल्या.

असल्या माणसाशी कोण बोलणार हो? ते जवळ आले की गप्पा थांबायच्या. वाढदिवसाचा केक त्यांच्या टेबलापर्यंत जायचा नाही. ऑफिसातल्या बारशाला, वास्तुशांतीला त्यांना कुणी बोलवायचं नाही. पंगतीत बसून लोकांचे मोबाइल बघतील, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायची.

मग माझं 'डाळिंब' फुटलं.

डाळिंब म्हणजे माझं डिझाइन. काठाला डाळिंबाच्या दाण्यांची नक्षी, चार महिने डोळे फोडून काढलेली. त्या परदेशी गिऱ्हाइकासाठीच होतं, आणि माल अजून मागावरून उतरायचा होता. तेवढ्यात त्यांच्या माणसानं शेठना फोटो पाठवला. सोलापुरातल्याच एका दुकानात माझं डाळिंब गठ्ठ्यानं विकायला होतं. ऑर्डर थांबली. शेठनी मला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "डिझाइन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये, पासवर्ड तुमचा. शनिवारपर्यंत दुसरा कुणी सापडला नाही, तर तुम्ही या कामावर राहायचं नाही."

माझ्या नवऱ्याचे माग बंद पडून वर्ष झालं होतं. घर माझ्या पगारावर होतं. आणि चौकशी कुणाकडे? बिराजदारांकडे.

चार दिवस त्यांनी माझा जीव खाल्ला. "बारा तारखेला दुपारी अकरा मिनटं स्क्रीन उगडी व्हती. तुमी कुटं व्हता?"

"बाथरूमला."

"अकरा मिनटं?"

"व्हय, अकरा मिनिटं. घ्या नोंद," मी म्हटलं आणि तिथंच रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या दिवशी मला या माणसाचा मनापासून राग आला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमचा फिटर नरसय्या पोरीच्या लग्नाचे फोटो मोबाइलवर दाखवत होता. लग्न महिन्यापूर्वीचं, फोटोवाल्यानं आत्ता दिले होते. सवयीप्रमाणे बिराजदार मागून डोकावले. एका फोटोवर त्यांनी नरसय्याचा हात धरला, मोबाइल स्वतःकडे घेतला, फोटो मोठा करून बघितला, आणि परत दिला. डबा तसाच उघडा टाकून उठले. मला वाटलं, माझ्याविरुद्ध काहीतरी सापडलं.

दुपारी शेठनी बोलावलं. आत बिराजदार उभे होते, हात बांधून.

शेठ म्हणाले, "सांगा यांना पण."

"डिझाइन कॉम्प्युटरमधनं गेलं न्हाय," बिराजदार म्हणाले. "टावेलमधनं गेलं. टावेल मी नेला."

आमच्याकडे लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर असतो, आणि कारखान्यातली माणसं आहेराचा टॉवेल सेकंडच्या ढिगातून घेतात. सेकंड म्हणजे एखादा धागा चुकलेला, विकायला न जाणारा माल. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय, त्यात कुणाला गैर वाटत नाही. नरसय्याच्या पोरीच्या लग्नाला बिराजदारांनी त्या ढिगातून सगळ्यात देखणा टॉवेल उचलला, आणि तो होता माझ्या डाळिंबाचा पहिला नमुना. नवरदेवाच्या बापाच्या गळ्यात त्यांनी तो मांडवात सगळ्यांदेखत घातला. सोलापूरच्या मांडवात निम्मी माणसं मागावरची. कुणीतरी काठ बोटानं चाचपला असेल, धागे मोजले असतील. त्याला पासवर्ड कशाला लागतो? बिराजदारांनी अख्ख्या कारखान्याला चिकटपट्ट्या लावल्या, पण कापडाला लावली नाही. कापड हीच आमची माहिती आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

तो नमुना ढिगात कुणी टाकला, हे शेठनी विचारलं नाही आणि बिराजदारांनी सांगितलं नाही. मी मान खाली घालून उभी राहिले.

माझी नोकरी राहिली. बिराजदारांचं पद गेलं, सोमवारपासून पॅकिंगला. शेठ बरंच बोलले.

संध्याकाळी गाड्या लावतो तिथं मी त्यांना गाठलं.

"नमुना ढिगात मी टाकला होता," मी म्हटलं. "कोपऱ्यात एक धागा चुकला होता म्हणून."

"ठावं हाय. सेकंडच्या वहीत त्या दिवशीचा तुमचाच शेरा हाय."

"मग बोललात का नाही? आणि तो फोटो बघून गप्प बसला असता, तर कुणाला कळलं असतं?"

"तुमी गेला असता की," ते म्हणाले.

माझा चार दिवसांचा राग तिथंच विरघळला. पण चिडचिड राहिली होती, म्हणून विचारलं, "अहो, आहेराला साधा टॉवेल न्यायचा की. एवढा देखणाच कशाला?"

त्यांनी गाडीची सीट फडक्यानं पुसली. पुसून झालेली पुन्हा पुसली.

"नरसय्यानं पत्रिका दिली म्याडम. माज्या टेबलावर आणून. वर पेनानं माजं नाव लिवलं व्हतं, इराप्पा बिराजदार, सहकुटुंब. आता कुटुंब कुटलं? बायको जाऊन सात वर्सं झाली, पोरगं हैदराबादला, त्याचा फोन न्हाय. मी एकलाच गेलो. म्हनलं, हात तरी भरलेला असावा."

आम्ही सगळे मिळून या माणसाला किती वर्षं भिंतीला टेकवून ठेवलं होतं, याची मला लाज वाटली. मी म्हटलं, "रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला या."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "का?"

"जेवायला."

"कोन कोन असनार?"

"मी, नवरा, सासूबाई, दोन पोरी. सासूबाईंना तुम्हाला बघायचंच आहे."

"लिवून द्या," ते म्हणाले.

मी पर्समधून कागद काढला, गाडीच्या सीटवर ठेवून लिहिलं, 'रविवारी दुपारी बारा वाजता जेवायला यावे,' आणि खाली घरचा पत्ता. त्यांनी कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला आणि मला परत दिला.

"वर नाव राहिलं," म्हणाले.