बाकी राहिलेलं प्रॅक्टिकल

नागपुरात लकडगंजच्या एका लॉनवर आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनीचं, प्रीतीचं लग्न होतं. स्टेजवर केमिस्ट्रीच्या मेश्राम मॅडमनी नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला, पाकीट दिलं, फोटोसाठी हसल्या आणि फोटो निघता निघता तिच्या कानाशी म्हणाल्या, "पोरी, तुझं टायट्रेशन बाकी आहे वं."

नवरदेवाला वाटलं, हा एखादा विधी असावा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फिजिक्सचा मास्तर, केमिस्ट्रीचं काय सांगणार?

मॅडमची आणि माझी लॅब भिंतीला भिंत लागून. तीस वर्षं मी त्यांचा आवाज पलीकडून ऐकत आलो. "ब्युरेट आहे ती, नळ नाही!" हे वाक्य दिवसातून निदान चारदा. काचेचं काही फुटलं तर त्या आधी पोराचा हात पाहत आणि मग त्याला असं बोलत, की हात कापला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटावं.

मग लॉकडाऊन आलं. मॅडम एकट्याच राहतात. त्यांनी परवानगी घेऊन लॅबमधला स्टँड आणि ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, घरी नेली, स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडली, फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि बारावीचं टायट्रेशनचं प्रॅक्टिकल सुरू केलं. खालच्या फ्लास्कमधलं पाण्यासारखं द्रावण ज्या एका थेंबाने गुलाबी होतं, नेमक्या त्याच थेंबाला नेटवर्क अडकायचं. मॅडम विचारायच्या, "रंग पाहिला का?" समोर बहुतेक बंद कॅमेऱ्यांचे काळे चौकोन. कुठल्या तरी चौकोनातून कुकरची शिट्टी व्हायची. तास संपला की नावं एकेक करून विझत जायची. शेवटचं नाव जाईपर्यंत त्या फोन बंद करत नसत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, तेही ओशाळून.

वर्षाअखेरीस पोरांनी प्रॅक्टिकलच्या वह्या पीडीएफ करून पाठवल्या. सगळ्या वर्गाचं रीडिंग एकच, दशांशापर्यंत. तिघांच्या वहीवर तर ज्याची वही उतरवली त्या सूरजचंच नाव राहून गेलं होतं. त्या वर्षी परीक्षा न घेता सगळ्यांना पास करायचं ठरलंच होतं, म्हणून मॅडमनी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले आणि सही केली. ती सही त्यांना पचली नाही. डबा खाताना मध्येच थांबून म्हणायच्या, "पोरांनी वहीची कॉपी केली, सर. मी मार्कांची केली."

कॉलेज पुन्हा भरलं, पण ती बॅच तोवर निघून गेली होती. मॅडमना हातात ब्युरेट न धरता बारावी पास झालेली पोरं रस्त्यात दिसू लागली. मग त्यांनी प्रिन्सिपॉलांकडून शनिवारची दुपार मागून घेतली आणि त्या वर्षीच्या हजेरीपटावरून फोन लावायला सुरुवात केली. पोरं आधी हसायची आणि मग यायची. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातला एक जण गाडीला पातेली बांधूनच आला. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा लॅबच्या दारात अर्धा तास उभा होता. कॉलेजात कुणी पाहत असलं की आपले हात थरथरतात, म्हणून प्रॅक्टिकलला जाणंच सोडलंय, असं त्याने सांगितलं. मॅडम त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "मी नाही पाहत. तू कर."

प्रीती लग्नानंतर पंधरा दिवसांनी आली, हातावरची मेंदी उतरायच्या आत. काम करता करता स्नेहलचा विषय निघाला. स्नेहल त्याच बॅचची, रामटेककडची. ऑनलाइन तासाला तिचा कॅमेरा कायम बंद. एकदा मॅडम सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या होत्या, "झोपायचं असेल तर वर्गातून निघ." ती निघाली आणि पुन्हा कधी तासाला आली नाही. प्रीती म्हणाली, तेव्हा तिचे वडील नागपुरात भरती होते. आत जाऊ देत नसत, म्हणून ती हॉस्पिटलच्या बाहेर पायरीवर बसून कानात इयरफोन घालून तास ऐकायची. वडील परत आले नाहीत. पुढे तिने सायन्सही सोडलं.

मॅडमनी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी त्या कुणावर रागावल्या नाहीत.

हजेरीपटावरचा स्नेहलचा नंबर बंद होता. पुढच्याच रविवारी मॅडम बसने रामटेकला गेल्या आणि विचारत विचारत ती काम करते त्या झेरॉक्सच्या दुकानाशी पोचल्या. वाटभर काय बोलायचं ते ठरवलं होतं, असं त्या नंतर मला म्हणाल्या, पण तिला समोर पाहिल्यावर तोंडातून नेहमीचंच निघालं, तुझं प्रॅक्टिकल बाकी आहे.

ती पुढच्या शनिवारी आली. मी पेपर तपासायच्या निमित्ताने माझ्या लॅबमध्ये थांबलो होतो. मधलं दार उघडं होतं. नळाखाली काच धुतल्याचा आवाज आला. मग स्नेहल म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी झोपली नव्हती."

"माहीत झालं मले," मॅडम म्हणाल्या. "कॅमेरा काहून बंद आहे, एवढं विचारायचं होतं मी तुले. विचारलंच नाही."

स्नेहलने स्टँड पुढे ओढला. तिने ब्युरेट भरली. पहिल्यांदा थेंब जास्त पडला आणि द्रावण गडद झालं. मॅडम रागावल्या नाहीत. मग हात बसला. रंग अगदी फिकट, जेमतेम गुलाबी आला. तिने रीडिंग मोठ्याने वाचलं. पुन्हा केलं, तेच आलं. तिसऱ्यांदाही तेच.

तीन रीडिंग सारखी आली की प्रयोग संपतो. चौथ्यांदा द्रावण वाया घालवणाऱ्या पोरांना मॅडमनी आजवर लॅबबाहेर काढलं आहे.

"झालं का, मॅडम?" स्नेहलने विचारलं. "पाचची बस आहे."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अजून एक घेऊन पाहा," त्या म्हणाल्या. "बस नंतरचीही असते."