अर्ध्या तासाचं माहेर

शेवंताआक्का रोज दुपारी अडीच वाजता मला हाक मारायची, स्वतः घरात जायची आणि आतून म्हणायची, "हं, लाव." मग मी बाहेरून कडी घालून कुलूप लावायचं आणि किल्ली पदराला बांधायची. तीन वाजता उघडायचं. मधल्या अर्ध्या तासात कुणीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचं, "आक्का कन्नडला गेल्यात."

पहिल्यांदा तिनं हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. मी नुकतीच लग्न होऊन औरंगाबादला आले होते. औरंगपुऱ्यामागच्या बोळात आमची एक खोली आणि शेजारच्या दोन आक्काच्या. माझी शाळा सकाळची. दुपारी मी ओट्यावर वह्या तपासत बसायचे, म्हणून ही किल्लेदारी माझ्याकडे आली.

आक्काला चार पोरं. नवरा कारखान्यात पाळीवर, त्यामुळे त्याच्या जेवणाच्या वेळा दर आठवड्याला बदलायच्या. शिवाय मागच्या बाजूला एक शेळी. भर शहरात शेळी कशाला, असं घरमालकानं विचारलं तर म्हणाली, "धनगराच्या लेकीची दावण रिकामी बरी दिसत नाय." घरमालक पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

"आक्का, तुम्ही आत करता तरी काय?" मी एकदा विचारलं.

"काय नाय. पाय लांब करते. चहा गरम असतो तवर पिते."

"मग दार नुसतं लोटून घ्या ना. कुलूप कशाला?"

"तुला अजून लेकरू नाय मास्तरीण, म्हणून इचारतीस," ती म्हणाली. "बाई घरात हाय म्हटलं की पोराला तहान लागती, नवऱ्याची बंडी सापडत नाय आन् शेजारणीला विरजण लागतं. बाई माहेरी गेली म्हटलं की सगळ्यांना सगळं सापडतं."

तिचं खरं माहेर कन्नडच्या पुढं एका वाडीवर होतं. तिथं म्हातारी आई, एक भाऊ आणि त्याची मेंढरं. दिवाळीत दोन दिवस जायला मिळालं तरी खूप, अशी गत. म्हणून हे रोजचं माहेर तिनं आपल्या घरातच काढलं होतं.

खोटं होतं, पण सगळ्या बोळाला माहीत असलेलं खोटं. पोरांनी तर त्याचा खेळच करून टाकला. धाकटा बाळू दाराशी उभा राहून ओरडायचा, "आई, कुठवर आली गं?"

आतून आवाज यायचा, "अजून वेरूळलाच हाय! थांब जरा!"

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. "खुलताबादचा घाट उतरतीय!" मग दौलताबाद, मग छावणी. छावणी आली की पोरं हातपाय धुऊन ओळीनं उभी राहायची, कारण त्यानंतर कुलूप निघायचं. बाळूला मुळाक्षरं येत नव्हती, पण कन्नडचा रस्ता तोंडपाठ होता. एकदा आक्काचा नवरा पाळीवरून लवकर आला. दाराला कुलूप बघून मुकाट्यानं माझ्याशेजारी ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "गाडी आज लेट तर नाय ना?" बांगड्यावालीही यायची, ती कुलूप बघून हसायची. "आज बी कन्नड? अक्का कू बोलो, मैं कल आती."

आक्का मात्र हे सगळं अगदी गंभीरपणे करायची. बोळातली कुठलीही बाई कंबर धरून उभी दिसली की हिचं सुरू, "माणूस हाय तू, रहाट नाय. आधी आई बसली पायजे, मग पोरं उभी राहत्यात." मग त्या बाईच्या हातातलं मूल काढून घ्यायची आणि तिला घरात ढकलायची. बायका लाजायच्या, हसायच्या, पण जायच्या.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला बाळूला गोवर निघाला. तीन रात्री आक्का त्याच्या उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाळूला माझ्या खोलीत निजवून ती अडीचला आत गेली आणि म्हणाली, "आज चहा नगं. नुसती पडते." मी कुलूप लावलं. थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

परीक्षेच्या वह्यांचा ढीग पुढ्यात होता. तेवढ्यात एक पटकेवाला माणूस आला. पाय धुळीनं माखलेले, हातात काठी.

"शेवंताआक्काचं घर हेच ना?"

"हो. त्या कन्नडला गेल्यात," मी मान वर न करता म्हटलं.

त्यानं कुलुपाकडे बघितलं. "कवा निघाल्या?"

"आत्ताच, अडीचला."

"मंग बरं झालं," तो म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. मी पुढची वही उघडली.

तीन वाजले. आक्का गाढ झोपली होती. मीच मोठ्या मनानं ठरवलं, झोपू दे बिचारीला, आणि साडेतीनला कुलूप काढलं. तिनं विचारलं, "कुणी आलं हुतं का?"

"एक पटकेवाला आला होता. लगेच गेला."

"घोंगड्यावाला असंल," ती आळस देत म्हणाली. "या उन्हात घोंगडी कोण घेतंय!"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ आला. डोक्याचं मुंडण केलेलं. आक्का नळावरून घागर घेऊन येत होती, ती बोळातच थांबली.

"म्हातारी गेली," तो म्हणाला. "काल पहाटं."

आक्कानं घागर खाली ठेवली. भाऊ ओट्यावर बसलासुद्धा नाही. उभ्या उभ्याच बोलत राहिला. "परवा सकाळी आपल्या वाडीवरल्या सोपानाला धाडला हुता तुला आणायला. आईचा जीव हुता तवा. त्याला हितं सांगितलं, तू कन्नडला निघालीस. दाराला कुलूप बघून तो माघारी आला. आम्हाला वाटलं, निरोप आधीच पोचला. येणाऱ्या हरेक यष्टीला माणूस उभा केला. म्हातारी सारखी इचारायची, शेवंता कुठवर आली? काल दुपारपर्यंत मातीला थांबलो, आक्का. लोक किती थांबणार?"

मी माझ्या दारात उभी होते.

"कुणी सांगितलं त्याला तसं?" भावानं विचारलं.

मी तोंड उघडलं, पण आक्का माझ्याकडे न बघताच बोलली. "मीच तसं सांगून ठेवलं हुतं. सगळ्यांना."

"का?"

"अर्धा तास बसायला."

"बसायला?" भाऊ म्हणाला. तो तिच्याकडे बघतच राहिला.

आक्का त्याच्याबरोबर गेली आणि तेरावं करून आली. दुसऱ्या दिवशी अडीचला मी ओट्यावर हाकेची वाट बघत बसले. हाक आली नाही. ती मागं शेळीला पाला घालत होती. मी जवळ गेले. इतके दिवस घोकलेलं सगळं विसरून नुसतं म्हटलं, "आक्का, माझ्यामुळं झालं हे."

"गप," ती म्हणाली. "तू काय केलंस? मी सांगितलं तेच बोललीस." मग पाल्याची काडी मोडत राहिली. "त्या दिवशी लई चांगली झोप लागली हुती गं मला. तेच लागतंय जिवाला. लई चांगली झोप लागली हुती."

त्या दिवशी आम्ही दोघी शेळीजवळ बसून रडलो. मला क्षमा मागायची होती, तिला ती द्यायची गरजच वाटत नव्हती, आणि त्यामुळे माझं ओझं काही हललं नाही.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. रात्रभर रडायची. सकाळी शाळा, दुपारी वह्या, आणि मी दोनदा नळावर चक्कर येऊन बसले. तिसऱ्यांदा आक्का आली. अडीच वाजले असतील. तिनं मुलीला माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "आत जा. नीज."

"वह्या राहिल्यात, आक्का."

"वह्या काय रडत न्हाईत."

तिनं दार नुसतं लोटलं आणि मुलीला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. मी आत पडले. जरा वेळानं शाळेचा शिपाई आला. मी कान टवकारले. आक्का म्हणाली, "घरातच हाय ती. निजलीय. तुमचं काम मला सांगा. उठवण्यासारखं असंल तर उठवते." त्याचं नाव, गाव, आला कुठून, कुणी धाडलं, सगळं विचारून मगच तिनं त्याला सोडलं. पोस्टमनचीही सुटका झाली नाही. पत्र कुणाचं, कुठून आलं, वाईट काही नाही ना, हे तिनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तो बिचारा सांगत होता, "बाई, मी वाचत नसतो." आत मी हसत होते आणि उशी ओली होत होती.

अर्ध्या तासानं मी बाहेर आले. म्हटलं, "आता तुम्ही आत जा. मी बसते उंबऱ्यावर. कुणाला काही खोटं सांगणार नाही."

तिनं मुलीला माझ्या हातात दिलं.

"मला नाय गं जमत आता," ती म्हणाली. "आडवी झाले तरी कान दारातच राहत्यात." आणि पदर खोचून भांड्यांकडे वळली.

त्या बोळात आम्ही पुढं सहा वर्षं राहिलो. रोज दुपारी मी तिला एकदा विचारायचे. ती एकदाही आत गेली नाही.