काटा खाली ठेवण्याचा नियम

माणूस सुसंस्कृत आहे की नाही, हे तो काय जेवतो यावरून ठरत नाही. जेवताना किती हाल सोसतो यावरून ठरते. या कसोटीवर लष्करी डिनर ही मानवजातीची सर्वोच्च कामगिरी होय.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मला ती जवळून पाहता आली. माझा भाचा लवू घाटावरच्या छावणीत कॅप्टन. घरच्यांना मेसचे निमंत्रण आले. भावोजी बोटीवर, तेव्हा लवूच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या अक्काबरोबर, पुरुष माणूस म्हणून मी. तळेऱ्याला एसटी बदलतानाच अक्काने हेतू जाहीर केला. लवू चार वर्षे चवतीला, म्हणजे गणपतीला, घरी आला नव्हता. यंदाची रजा त्याच्या साहेबाकडून घेतल्याशिवाय ती परतणार नव्हती.

लवूने आम्हाला नियम समजावले. साहेबांनी काटा उचलला की सर्वांना भूक लागते. साहेबांनी काटा ठेवला की सर्वांचे पोट भरते (तोंडात असेल तो घास आपला, बाकी सरकारजमा). साहेब उठेपर्यंत कोणी उठायचे नाही, मग कळ कुठेही येवो. पाहुण्या बाईच्या हातात काटा असेपर्यंत मात्र साहेबही उठत नाहीत. आणि टेबलावर रजेचा विषय काढणे म्हणजे महापाप. शत्रू आपल्या वाटेला का जात नाही, हे मला तेव्हा उमगले.

सूप आले आणि अर्धे असतानाच गेले. कोंबडीचेही तेच. मग कोकणच्या पाहुण्यांचा मान म्हणून अख्खा बांगडा आला. अक्काने सुरी-काटा बाजूला सारला आणि सरळ हात घातला. साहेबांनी चार घासांत काटा ठेवला. भराभर ताटे उचलली गेली. अक्काने आपल्या ताटावर हात आडवा धरला.

मी हळूच म्हटले, "अक्का, साहेबान काटो ठेवल्यान गो."

तिने बोटांतले माशाचे हाड मला दाखवले. "मगे ह्यो काय आसा? काटोच मां? बसांदेत तेंका."

लष्कर शब्दाला पक्के. काटा कुठला, हे नियमात नव्हते. साहेब बसले, म्हणून सगळे बसले. जेवणभर वाजवणारे बँडवाले दमले. एक पोक्त मेजर गुडघे आवळून छताकडे पाहू लागले (उपस्थितांपैकी निम्म्यांची हीच अवस्था असावी, उरलेले तरुण होते). अक्का निवांतपणे बांगड्याचे डोके चोखत होती. लवूने मात्र डोळे मिटून घेतले होते.

अखेर साहेबांनी अदबीने विचारले, बाईंसाठी आपण काही करू शकतो काय?

"माज्या झिलाक चवतीक घराक धाडा," अक्का म्हणाली. "चार वर्सां त्येचो पाट रिकामोच मांडतंय."

बोलताना तिचा आवाज फाटला. मलाही हुंदका आला, नियमात बसत नसताना. मी भाषांतर केले. पोक्त मेजरांनी त्याला कळवळून "प्लीज, सर" अशी पुस्ती जोडली. रजा मंजूर झाली. अक्काने काटा ठेवला, साहेब उठले, आणि सगळे दालन इतक्या शिस्तीत एकाच दरवाजाकडे धावले की तसे संचलन मी पुन्हा पाहिले नाही.

चवतीच्या आदल्या दिवशी लवू आमच्या विजयदुर्गच्या स्टँडवर उतरला. त्याची ट्रंक अजून एसटीच्या टपावरच होती. सारा गाव प्रेमाने जमला, आणि प्रत्येकाने प्रेमाने एकच प्रश्न विचारला, "इलस? मगे परत कधी जातलस?"

अक्का शेजारीच उभी होती. रजेचा विषय काढायला मेसमध्ये बंदी का असते, हे मला तिच्या तोंडाकडे पाहून कळले.

वाचकहो, हसू नका. सुट्टीवर आलेल्या शेजारच्या पोराला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारलात, तेवढे आठवा. तो काटा अजून त्याच्या आईच्या घशात आहे.