मास्तरांची खोल नांगरट

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत हे खरं, पण ते फळ्यावर शिकवत. खडूने रस्ता काढायचा, खडूनेच गाडी काढायची आणि वळताना हात कुठे दाखवायचा ते पोरांकडून घोटून घ्यायचं. लेखी परीक्षेत त्यांचा विद्यार्थी कधी नापास होत नसे. प्रत्यक्ष गाडी शिकवायला दुसरा माणूस होता. (मास्तरांनी स्वतः शेवटचं चालवलेलं वाहन म्हणजे स्कूटर, तीही केव्हाच विकून टाकलेली. घरची गाडी बायको चालवायची.)

अशा माणसाने सासऱ्यांचं शेत नांगरायला का घ्यावं? तर साडूमुळे.

मास्तर बायकोबरोबर सासुरवाडीला गेले होते आणि ऐन नांगरटीत सासऱ्यांची कंबर धरली. सासरे मागच्या खोलीत खाटेवर पालथे पडून. त्या खोलीच्या खिडकीतून शेत दिसत नसे, फक्त ऐकू येई. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला साडू पेरणीयंत्र घेऊन येणार होता. रान नांगरून तयार नसेल, तर यंत्र तसंच पुढे दुसऱ्याकडे जाणार आणि पुन्हा नंबर लागेपर्यंत पेरणीचे दिवस निघून जाणार. घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

"मी काढते ट्रॅक्टर," बायको म्हणाली. "पण आधी आईला घेऊन औषध आणायला जायचंय. त्यापेक्षा दाजींना आजच बोलावते."

दाजी म्हणजेच साडू. पंखा बंद पडला, बोलवा दाजींना. नळ गळतोय, दाजी कुठायत? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मास्तरांना कुणी साध्या नळासाठीसुद्धा हाक मारली नव्हती. त्यांच्या जिवाला हे फार लागलेलं होतं.

"दाजी कशाला?" मास्तर ताठ उभे राहिले. "ड्रायव्हिंग शिकवतो कोण?"

"अहो, ते फळ्यावर!"

"फळ्यावरचा क्लच काय वेगळा असतो?"

"करू दे गं, हौस आहे त्यांना," आतून सासरे म्हणाले. "जावईबापू, एवढंच सांगतो. हळू चालवा, पण जोर कमी पडू देऊ नका. गिअर खालचा, रेस भरपूर. आणि नांगर खोल गेला पाहिजे."

मास्तरांनी मान डोलावली, पण डोक्यात नुसता गोंधळ. हळू जायचं आणि रेस भरपूर? वर्गात ते सांगत, हळू जायचं असेल तर पाय उचला. आता सासऱ्यांचं ऐकावं की स्वतःचं? (स्वतःचं ऐकायची संधी त्यांना घरात क्वचितच मिळे. त्यांनी ती घेतली.)

हिशेब सोपा होता. दुप्पट वेगाने गेलं की निम्म्या वेळात काम. त्यांनी वरचा गिअर टाकला आणि सुटले. मागे नांगर टणाटण उड्या मारू लागला, माती उडून थेट मास्तरांच्या कॉलरमध्ये. शेताच्या टोकाला त्यांनी उजवा हात काढून वळण्याची खूण केली. मागून किडे टिपत येणाऱ्या बगळ्याला आधी जाऊ दिलं. मग वळून पाहिलं तर रान जसंच्या तसं. कोंबड्यांनी उकरल्यासारखे ओरखडे तेवढे उठले होते.

"जावईबापू!" खिडकीतून सासऱ्यांचा आवाज आला. "हलका येतोय आवाज! खोल घाला, खोल!"

मास्तरांनी लिव्हर पार खाली दाबला. ट्रॅक्टरने एक उचकी दिली आणि बंद पडला. आता मात्र सासऱ्यांचं ऐकायचं ठरलं. खालचा गिअर, रेस भरपूर, नांगर बुडाला तेवढा बुडाला. जागा नेमकी ओलसर कोपऱ्यातली, पण ओलसर जागेचं फळ्यावर काही नव्हतं.

ट्रॅक्टर गरजला. धूर निघाला. मीटरचा काटा वर चढला आणि मास्तरांची छाती फुगली. मीटर कधी खोटं बोलत नाही, हे ते प्रत्येक बॅचला सांगत आले होते.

"हां! आता लागलं काम!" सासरे आतून ओरडले. "असंच चालू द्या!"

मास्तरांनी असंच चालू दिलं. एक गोष्ट मात्र त्यांना समजेना. बांधावरचं एक झाड बराच वेळ त्यांच्या बरोबरीने येत होतं. मगाशी पुढे जाऊ दिलेला बगळाही अजून पुढे गेला नव्हता. मास्तरांनी मीटर पाहिलं, काटा पळत होता. झाड पाहिलं, झाड तिथेच. बांधावर एकसारखी झाडं लावली असतील, असं म्हणून त्यांनी रेस वाढवली. थोड्या वेळाने झाड उंच व्हायला लागलं.

तेवढ्यात औषध घेऊन बायको परतली आणि कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहिली.

"काय करताय?"

"नांगरतोय!" मास्तर इंजिनाच्या वरताण ओरडले.

"कुठे?"

मास्तरांनी काट्याकडे बोट दाखवलं.

"मीटर बघ की!" मास्तर म्हणाले.

"मीटर चाक मोजतं, तुम्हाला नाही! आधी उतरा. नाही, उतरू नका. वर या!"

बायकोने त्यांना हात देऊन वर ओढलं. नांगर उचलला, मोठाल्या फळ्या आणून चाकांखाली सारल्या आणि हळूच मागे घेत ट्रॅक्टर बाहेर काढला. (फळ्या शेवटी अशा उपयोगी पडल्या.)

"म्हणजे जोरात गेलं की उथळ जातं," मास्तर डोकं खाजवत म्हणाले, "आणि खोल घातलं की जागचं हलत नाही. मग नांगरायचं कधी?"

"झेपेल तेवढंच खोल घालायचं आणि ओढवेल तेवढंच पळायचं."

"ते कुठल्या मीटरवर दिसतं?"

बायको सीटवर बसली आणि निघाली. इंजिन मांजरीसारखं गुरगुरत होतं, पण मागे काळीभोर माती सरळ उलटत जात होती. मास्तर शेजारून चालले आणि चालता चालता तिच्या पुढे गेले.

"अगं, वरचा गिअर टाक! मी पायी पुढे चाललोय!"

"जा की! मी कुठे अडवलंय?"

दिवस मावळायच्या आत सगळं रान झालं. एवढ्या हळू जाऊन ते संपलं कसं, हे मास्तरांना कळलं नाही. मात्र यंत्राचा नंबर वाचला, म्हणून त्यांना मनापासून हायसं वाटलं.

"तो खड्डा तेवढा बुजवा," बायको म्हणाली.

"बुजवतो," मास्तर म्हणाले. फावडं हातात घेतलं, दोन ढेकळं लोटली, तळहाताला फोड आला. मग सकाळी बुजवायचं ठरलं.

जेवणाआधी सासऱ्यांनी त्यांना खाटेपाशी बोलावलं.

"जावईबापू, मध्यंतरी काय आवाज होता हो! कान तृप्त झाले. पण नंतर तुम्ही ढिले पडलात. नुसती गुरगुर. खरं सांगा, अंग चोरलंत ना?"

बायकोने पदर तोंडाला लावला. खरं बोलावं, तर पुढचे सगळे प्रश्न आलेच. मास्तरांनी मान खाली घातली. "थोडं दमलो होतो," ते म्हणाले. आपण बायकोच्या वाट्याची बोलणी खाल्ली, याचंच त्यांना कौतुक वाटलं आणि ते समाधानाने झोपले.

सकाळी जाग आली ती पेरणीयंत्राच्या आवाजाने. मास्तर अंथरुणातून उठून बायकोच्या मागोमाग पळत मागच्या खोलीत आले, तर साडू आधीच खाटेपाशी उभा. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल.

"मामा, रान झकास झालंय!" साडू म्हणत होता. "एकसारखी खोली, बियाणं अगदी नीट पडेल. पण कोपऱ्यात विहीर कधी खणली? जाता जाता आत गेलो मी!"

"विहीर?" सासऱ्यांनी पालथ्यापालथ्याच मान वळवली. आधी लेकीकडे पाहिलं. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे पाहत होते.

कालचा तो कान तृप्त करणारा आवाज सासऱ्यांना पुन्हा ऐकू येत असावा. मग एकेक गोष्ट ध्यानात येत गेली तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"जावईबापू," शेवटी ते अगदी मायेने म्हणाले, "झालं ते झालं. फक्त एवढं सांगा, पाणी लागलं का?"