मागच्या फळीवरचं वजन

दत्तोपंतांनी आपल्या ॲल्युमिनियमच्या होडीला भोक पाडायचं ठरवलं, तेव्हा धारमधल्या त्यांच्या गल्लीत एकच बोभाटा झाला. बायको गेल्यापासून म्हातारा बिथरलाय, असं समोरच्या उमाबाई उघड म्हणाल्या. तसं काही नव्हतं. (बिथरलेला माणूस रबरी वॉशर शोधत धामनोदपर्यंत जात नाही.)

होडी सरकारी लिलावातली, जुनी, रिव्हेटांतून झिरपणारी. वीस वर्षं दर रविवारी दत्तोपंत गावच्या तळ्यात वल्ही मारत आणि विद्युल्लताबाई मागच्या फळीवर बसून, पायाशी साचलेलं पाणी डब्यानं उपसत. पाण्याबरोबर नवऱ्याचाही दीड तास उद्धार चाले. पौषात त्या गेल्या. आता वल्ही मारायची की पाणी उपसायचं? हात दोनच!

त्यात देवासहून लेक आली, अल्पना.

"बाबा, एकट्यानं एक फेरी मारा आणि काठावर होडी स्वतः रिकामी करून दाखवा. नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते. आई गेली, आता तुम्ही पण त्या तळ्यात..."

म्हणून हे भोक. पाणी मागेच साचतं, तर मागच्या पत्र्याला तळाशी भोक पाडून बूच बसवायचं. तळ्यात बूच घट्ट. काठावर काढलं की पाणी आपलं आपण बाहेर.

"काकाजी, फिर सोच लो," गोलू वेल्डर म्हणाला. (वय छप्पन्न, पण नाव गोलूच.) "छेद एक बार हो गया तो हो गया."

"तू मार रे ड्रिल!"

बूच झकास बसलं. रविवारी अल्पना आणि गोलू काठावर उभे असताना दत्तोपंत ऐटीत निघाले आणि अर्ध्या तळ्यात त्यांचे पायमोजे भिजले. मागची फळी रिकामी, त्यामुळे होडीचं ढुंगण वर आणि नाक खाली. पाणी सगळं त्यांच्याच पायांशी! काठावर नाक चिखलात रुतलं. मागे जाऊन त्यांनी बूच काढलं, तर थेंबसुद्धा आला नाही.

अल्पनानं भंगारवाल्याला लावायला फोन काढला.

"रुको बेटा," गोलू म्हणाला. "पीछे वजन चाहिए, बस. काकीजी बैठती थीं ना. रेतीची गोणी ठेवू. काकाजी, काकीजींचं वजन किती होतं?"

एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि दत्तोपंतांना ठाऊक नव्हतं. लग्नाच्या वर्षी एकदा विचारलं होतं, तर आठ दिवस अळणी पोहे खावे लागले. नंतर तिनं आपणहून एक आकडा सांगितला होता, तो मात्र कायम राहिला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले.

गोलूनं अठ्ठेचाळीस किलो रेती मोजून ठेवली. नाक खालीच. आणखी पाच घातली. आणखी पाच. वर चार घातल्यावर बासष्टला होडी समतल झाली.

"काकाजी, ये तो बासष्ट..."

"अठ्ठेचाळीसच आहे!" दत्तोपंत कडाडले. "रेती ओली आहे तुझी!"

अल्पनानं तोंड फिरवलं. ती हसत होती की रडत होती, ते गोलूला कळलं नाही.

दत्तोपंत पुन्हा निघाले. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे ते आणि गोणी समोरासमोर. होडी सुरेख चालली, पाणी शहाण्यासारखं मागे गेलं. काठावर गोलूनं हात लावला नाही, दत्तोपंतांनी स्वतःच बूच काढलं आणि करंगळीएवढी धार लागली. होडी पार कोरडी!

"जिंकलात, बाबा," अल्पना म्हणाली. "ठेवा होडी. पण एवढ्यात परत? तुमची फेरी तर दीड तासाची ना?"

दत्तोपंतांनी ओले पायमोजे काढून पिळले.

"काय करू बाई? तळ्याच्या मध्यापर्यंत गेलो, वल्हं वाकडं मारलं, गोणीवर पाणी उडवलं, मुद्दाम दोनदा झाडीत शिरलो. बया एक शब्द बोलेल तर शपथ!"