बोरा सरांचं पत्र्याचं जहाज

आमचे शेजारी बोरा सर अधूनमधून मला लोखंडी कपाटात बसवतात आणि बाहेरून दार लावून घेतात. आत बसून मी फोनकडे बघायचं आणि रेंज किती आहे ते ओरडून सांगायचं. माझी पाठ दुखते, असं मी सांगून पाहिलं. जहाजावरच्या माणसांच्या पाठी दुखत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. मग मी पुन्हा आत बसतो.

आमच्या ओतूरपासून समुद्र कुठल्या कुठं. पण सरांच्या अंगणात तेलाचे डबे, धान्याच्या कोठ्या आणि दोन जुनी कपाटं मिळून एक जहाज उभं आहे. मधल्या बोळात वायफायचा डबा. चहूकडे लोखंड असलं की सिग्नल कुठं आपटतो, कुठून वाट काढतो आणि कुठं मरतो, याचा हिशेब सर कॉम्प्युटरवर मांडतात. तो बरोबर की चूक, हे माझ्यावर तपासतात. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, आमच्या नशिबी हे. कंटाळून मी उठायला लागलो की ते म्हणणार, "लोखंडाशी घाई करून चालत न्हाई, राव."

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. ओढूनताणून बसवलेला आकडा त्यांना खपत नसे. प्रॅक्टिकलमध्ये त्यांनी सख्ख्या मुलालाही यापायी नापास केलं होतं. तो पारस आता मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. केबिनमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून फोन करता येत नाही, असं त्याने आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, मेसेज करून कळवलंय. वहिनींनी हट्टच धरला तेव्हा त्याने आपल्या मजल्याचा नकाशाही पाठवला. त्यावरूनच हे जहाज रचलंय, आणि माझं कपाट म्हणजे त्याची केबिन. केबिनमध्ये नेमकं कुठं उभं राहिलं की रेंज येईल, एवढं शोधून त्याला सांगायचं, यासाठी हा सगळा खटाटोप.

परवा मी कपाटात होतो, दार बंद, आणि फोन खणखणीत वाजला. व्हिडिओत सरांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. बाहेर येऊन बघतो तर कॉम्प्युटरही तेच सांगत होता. दाराच्या फटीतून सिग्नल आत जातो. पारस पलंगावर लोळत असला तरी त्याला फोन लावता येईल.

सुटलो एकदाचा, म्हणून मी हसलो. सर हसले नाहीत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वहिनी पिठाच्या हातांनी दारात आल्या. "काय निघालं? पारसला कळवायचं ना, कुठं उभं ऱ्हायचं ते?"

सरांनी लॅपटॉप मिटला. "न्हाई पोचत तिथं. पोराचा काय दोष न्हाई."

"मला ठावं व्हतं," वहिनी म्हणाल्या आणि हलक्या मनाने आत गेल्या.

"उद्या ती सोता बघाया यील," सर हळूच म्हणाले. मग उठून त्यांनी चपातीला गुंडाळायचा चंदेरी कागद आणला आणि कपाटाच्या फटीवर चिकटवायला घेतला. मी दुसरं टोक धरलं.