ढग नसलेला रविवार

प्रदर्शनाचं उद्घाटन अकराला होतं आणि ओरेस्ते शिडीवर उभा राहून आपल्याच टेम्पोकडे बघत होता. टेम्पो भिंतीवरच्या फोटोत होता.

शेजारच्या अंतराळ केंद्राने आमच्या मोंतेरिपो नगरपालिकेला मोठाले फोटो पाठवले होते. मंगळावरची तांबडी वाळू, शनीची कडी, झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेली कुठलीशी नदी. मधोमध सगळ्यांत मोठा फोटो आमच्या गावाचा, उपग्रहाने वरून काढलेला. खाली लिहिलं होतं, ‘रविवार सकाळ. ढग नाहीत.’ फोटो लावायला ओरेस्तेला बोलावलं होतं, कारण गावात लांब शिडी त्याच्याकडेच. पोपटी छताचा तीनचाकी टेम्पोही गावात त्याच्याकडेच. खिडक्यांना लावून उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून त्याने तो टेम्पोला फासला होता. तेच छत आता अमेदेओच्या अंगणात, अंजिराच्या झाडाशेजारी, मजेत चमकत होतं.

अमेदेओ त्याचा सख्खा भाऊ. वडिलांचं द्राक्षं पिळायचं यंत्र कुणाकडे राहावं यावरून दोघांचं फाटलं. तेव्हा ओरेस्तेच्या बायकोने, एर्सिलियाने, चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “आमच्या घरातल्या कुणी त्या उंबऱ्यात पाऊल टाकलं तर मी नाव बदलीन.” ओरेस्तेने मान डोलावली होती. आणि तेव्हापासून दर रविवारी, द्राक्षांच्या वेली बघायला ‘मळ्यात जाऊन येतो’ असं सांगून तो भावाकडे पत्ते कुटायला जात होता. एर्सिलियाला हे कळलं तर घरात अबोला होईल, जेवणाचे हाल होतील, ते त्याने सोसलं असतं. पण तिचा शब्द त्यानेच गावासमोर खोटा पाडला असं तिला वाटेल, हे मात्र नाही.

त्याने खिशातल्या सफरचंदावरचं स्टिकर सोललं आणि टेम्पोवर दाबून बसवलं.

“हे काय चिकटवलंस?” खालून नगराध्यक्षबाई दोनातेल्ला म्हणाल्या.

“भोक पडलं होतं.”

“अंतराळातून आलेल्या फोटोला सफरचंदाचं स्टिकर? काढ आधी.”

त्याने काढलं. मग म्हणाला, “फोटो जरा वर घेऊ या का, बाई? आभाळातला फोटो आहे, माणसाने मान वर करून बघावा.”

बाईंना हे पटलं. त्यांना भाषणासाठी एक वाक्यही मिळालं. फोटो पार छताला टेकवून ओरेस्ते खाली उतरला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला धड श्वास घेता आला.

तेवढ्यात केंद्रातली शास्त्रज्ञ फियामेत्ता आली. चुणचुणीत आणि भारी हौशी मुलगी. “अगंबाई, एवढ्या वर? काय दिसणार तिथे? असू दे, हाच फोटो मी पडद्यावर मोठा करून दाखवते. एकेकाचं घर शोधून देते.”

ओरेस्तेने प्रोजेक्टरच्या वायरीत मुद्दाम पाय अडकवून पाहिला. वायर जागची हलली नाही. तो मात्र आडवा झाला.

अकराला सगळा गाव लोटला. शनीच्या कड्यांसमोर कुत्रंही उभं राहिलं नाही; ज्याला त्याला आपलं छप्पर बघायचं होतं. एर्सिलिया केस सेट करून आली आणि पहिल्या रांगेत बसली. “फोटो कुठल्या वारचा आहे रे?” तिने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

“रविवारचा.”

ती नुसती पर्स उघडायची, मिटायची, उघडायची. ओरेस्ते स्वतःच्याच विवंचनेत, त्याने लक्ष दिलं नाही.

दिवे मालवले. पडद्यावर आधी चर्च आलं, मग कारंजं. “आता उजवीकडे जाऊ या,” फियामेत्ता म्हणाली, आणि अंजिराचं झाड सरकत सरकत पुढे येऊ लागलं. ओरेस्ते धावला, पडद्यासमोर उभा राहिला आणि रुमालाने पडदा पुसू लागला. त्याची भलीमोठी सावली अमेदेओच्या अंगणावर पडली. जरा हायसं वाटून त्याने बाजूला बघितलं. पडद्याच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या स्वतःच्या घरावर, एर्सिलिया शाल पसरून उभी होती.

“तू काय करतेयस?”

“धूळ पुसतेय. तू?”

“धूळच.”

“बसा रे खाली दोघं,” मागून म्हातारा नाझ्झारेनो वैतागून म्हणाला. “ओरेस्तेचा टेम्पो अमेदेओकडे, आणि अमेदेओच्या बायकोची, पिनुच्चाची, पिवळी गाडी एर्सिलियाकडे. दर रविवारी बघतो आम्ही. त्यासाठी उपग्रह कशाला सोडायला हवा? मला माझं कोंबड्यांचं खुराडं बघू द्या.”

सभागृह हसलं, पण फार नाही. बातमी जुनीच होती. ओरेस्तेच्या हातातला रुमाल खाली आला.

“पिनुच्चा आपल्याकडे येते?” त्याने हळूच विचारलं.

“येते. कॉफी पिते, जाते.” एर्सिलियाने शाल नीट घडी केली. “मी त्या उंबऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. माझा शब्द मी पाळलाय.”

दोघं घरी गेली, जेवली, आणि आठवडाभर कुणी विषय काढला नाही. बोलणं मात्र बंद झालं नाही, आणि त्यानेच ओरेस्ते जास्त अस्वस्थ झाला.

रविवारी त्याने टेम्पोची किल्ली घेतली, परत खुंटीला लावली, परत घेतली. “मळ्यात जाऊन येतो,” तो शेवटी म्हणाला.

“जा.”

“आज आभाळ अगदी स्वच्छ आहे.”

“मग काय झालं?” तिने ओट्यावर कॉफीचे दोन कप मांडले आणि एक डबा त्याच्या हातात दिला. “बडीशेपेची बिस्किटं आहेत. वेलींना दे.”

तो दारापर्यंत पोचला तेव्हा तिने मागून हाक मारली. “आणि वेलींना सांग, यंत्राचं मी अजून विसरलेले नाही.”